डोंगराळ प्रदेशातील ग्रॅव्हल सायकलिंग: मार्गांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅव्हल सायकल म्हणजे नेमकी कोणती, आणि डोंगरात तिचा उपयोग काय?

ग्रॅव्हल सायकल लांबून डांबरी रस्त्यावरच्या रेसिंग सायकलसारखीच दिसते. तिचे हँडल तसेच खाली वळलेले असते, तिची फ्रेमही हलकीच असते; पण फ्रेम आणि फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांत) चाळीस-पन्नास मिलिमीटर रुंदीचे टायर मावतील एवढी जागा असते, ब्रेक डिस्कचे असतात, गिअर चढासाठी बरेच हलके असतात आणि पुढच्या चाकाची मांडणी खडबडीत उतारावर सायकल स्थिर राहील अशी असते. डोंगरात रस्त्याचा प्रकार एका दिवसात चार वेळा बदलतो. दरीतून डांबरी रस्ता निघतो, जंगलात तो खडीचा होतो, वर माळावर मुरूम आणि मातीचा, आणि खिंडीच्या जवळ तर पावसाने उघडे पडलेले दगडच चालवावे लागतात. रेसिंग सायकल यातल्या पहिल्या टप्प्यापुरती चालते आणि माउंटन बाइक शेवटच्या टप्प्यासाठी बनलेली असते. मधला लांब पल्ला ज्यांना जाच न होता पार करायचा आहे, त्यांच्यासाठी ग्रॅव्हल सायकल आहे.

कोणता डोंगरी रस्ता या सायकलला योग्य समजावा?

जंगलखात्यांचे लाकूड वाहण्याचे रस्ते, कुरणांपर्यंत जाणाऱ्या गाडीवाटा, जुने लष्करी रस्ते आणि धरणांच्या किंवा कालव्यांच्या देखभालीसाठी केलेल्या वाटा हे चार प्रकार सर्वात भरवशाचे असतात. यांच्यात एक समान गुण आहे: हे रस्ते चाकांसाठी बांधलेले आहेत. ओझ्याची गाडी वर गेली पाहिजे हे गृहीत धरून त्यांचा चढ ठरवलेला असतो, वळणे रुंद असतात आणि पाण्याला वाट काढून दिलेली असते. आल्प्समध्ये फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर तोफा वर नेण्यासाठी बांधलेले लष्करी रस्ते आज ग्रॅव्हल सायकलस्वारांना इतके प्रिय आहेत ते याचमुळे. उंची प्रचंड असली तरी चढ बहुतेक ठिकाणी पायांना झेपेल असाच राहतो.

याउलट पायी चालणाऱ्यांच्या वाटा नकाशावर कितीही मोहक दिसल्या तरी त्या वेगळ्या हिशेबाने घडलेल्या असतात. माणूस थेट उतारावर चढू शकतो, पायऱ्या चढू शकतो, झाडाच्या मुळांवरून पाय टाकू शकतो. अशा वाटेचा दोन किलोमीटरचा तुकडा मार्गात आला की सायकल खांद्यावर घेण्याची तयारी ठेवावी लागते.

आमचे ठाम मत असे आहे की डोंगरी मार्गाची पारख त्याच्या सर्वात वाईट तुकड्यावरून करावी, सरासरीवरून नव्हे. ऐंशी किलोमीटरपैकी पंचाहत्तर उत्तम असतील आणि उरलेले पाच भुसभुशीत दरडीवरचे असतील, तर तो दिवस त्या पाच किलोमीटरांचाच असतो. पुढची बहुतेक उत्तरे याच विचाराला धरून आहेत.

नकाशावर मार्ग आखताना काय पाहावे?

मार्ग आखणारी बहुतेक ॲप्स ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालतात, त्यामुळे त्या माहितीतल्या श्रेणी वाचता येणे फार उपयोगाचे आहे. गाडीवाटांना तिथे १ ते ५ अशी प्रत दिलेली असते. पहिली प्रत म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला रस्ता आणि पाचवी प्रत म्हणजे जवळजवळ मऊ मातीच. कोरड्या हवेत तिसऱ्या प्रतीपर्यंत ग्रॅव्हल सायकल आनंदाने जाते, चौथी प्रत चढावर थकवते आणि पाचवी पावसानंतर टाळावी. अरुंद वाटांसाठी माउंटन बाइकची वेगळी श्रेणी ० ते ६ अशी असते. त्यात ० ला अडचण नाही, १ ला हात सराईत हवा, आणि २ पासून पुढे सायकल ढकलण्याचीच कल्पना केलेली बरी. एखाद्या वाटेवर स्विस गिर्यारोहण संघाची पायी चालण्याची श्रेणी नोंदलेली दिसली आणि ती दुसऱ्या पायरीच्या वरची असली, तर तो मार्ग विनाविलंब बदलावा.

या नोंदी कोणा ना कोणा हौशी माणसाने केलेल्या असतात आणि त्या जुन्या असू शकतात. म्हणून दुसरा आधार उपग्रहाच्या चित्राचा घ्यावा. रस्त्यावर चाकांच्या दोन फिकट रेषा आणि मध्ये गवताची पट्टी दिसली तर गाड्या जातात, पण क्वचित. पूर्ण पांढरा पट्टा दिसला तर खडी ताजी आणि सैल असण्याची शक्यता असते. आणि रेषा एखाद्या ओढ्यापाशी येऊन पलीकडे थोडी सरकून सुरू होत असेल, तर तिथे पूल नाही किंवा तो वाहून गेलेला आहे असे धरून चालावे. सायकलस्वारांच्या नोंदींपासून बनवलेले उष्णतानकाशेही उपयोगी असतात, मात्र ते लोक कुठून गेले एवढेच सांगतात. त्यातले किती जण सायकल ढकलत होते आणि कोणत्या दिशेने जात होते, हे त्यात उमटत नाही.

तिसरी गोष्ट चढाची. १:५०,००० प्रमाणाच्या, २० मीटर अंतराने समोच्च रेषा काढलेल्या नकाशावर रस्ता दर ४ मिलिमीटरला एक रेषा ओलांडत असेल तर तो १० टक्के चढ आहे. रेषा याहून दाट झाल्या की पेन्सिलीने खूण करून ठेवावी. ॲपमध्ये दिसणाऱ्या एकूण चढाईच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तोच मार्ग दोन ॲपमध्ये घातला तर आकडा शंभर-दोनशे मीटरने सहज बदलतो; उंचीची मूळ माहिती आणि ती गुळगुळीत करण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी असते. मोठ्या चढांची पायथ्याची आणि माथ्याची उंची स्वतः वजा करून बेरीज केली तर खरा अंदाज येतो.

आणि प्रत्येक मोठ्या चढाच्या आधी एक प्रश्न विचारावा: इथून परत फिरावे लागले किंवा पुढे रस्ता बंद निघाला, तर सर्वात जवळचा डांबरी रस्ता कोणत्या बाजूला आहे? ही पळवाट नकाशावर आधीच आखलेली असावी आणि तिची फाईल मुख्य मार्गासोबतच यंत्रात भरलेली असावी.

एका दिवसात किती अंतर धरावे?

अंतर शेवटी धरावे. आधी चढाई मोजावी. सामान लादलेला, नियमित सराव असलेला पण स्पर्धक नसलेला स्वार कच्च्या चढावर तासाला साधारण ४०० मीटर उंची गाठतो. समजा ६० किलोमीटरचा मार्ग आहे आणि त्यात एकूण १,६०० मीटर चढाई आहे. चढाईलाच चार तास गेले. त्याखेरीज २० किलोमीटर सपाट-ओबडधोबड असतील तर ताशी १५ च्या वेगाने आणखी एक तास वीस मिनिटे, आणि २० किलोमीटरचा कच्चा उतार ताशी १८ च्या वेगाने सव्वा तासाच्या आत. खाणे, पाणी भरणे, नकाशा पाहणे, एखादे पंक्चर यांना मिळून दीड तास धरला की दिवस आठ तासांचा झाला. तेच पाय सपाट डांबरी रस्त्यावर ६० किलोमीटर तीन तासांत सहज पार करतात, आणि नवखे लोक याच हिशेबाने निघून अंधारात खिंडीवर अडकतात.

उतारावर वेळ भरून निघेल ही आशा कच्च्या रस्त्यावर खोटी ठरते. दगडांच्या उतारावर सुरक्षित वेग सपाटीपेक्षा फारसा जास्त नसतो.

गिअर किती हलके असावेत?

जेवढे वाटतात त्याहून हलके. पुढे पेडलपाशी ४० दात्यांची एकच चकती (चेनरिंग) आणि मागे ४४ दात्यांची सर्वात मोठी चकती ही आजची प्रचलित जोडी आहे, आणि तिचे गुणोत्तर सुमारे ०.९१ येते. पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ४२ मिलिमीटरच्या टायरवर सायकल या गिअरमध्ये ताशी सव्वासात किलोमीटरने जाते. स्वार, सायकल आणि पिशव्या मिळून ९० किलो वजन असेल, तर १० टक्के कच्च्या चढावर हा वेग राखायला जवळपास २०० वॉट लागतात. एवढी शक्ती अर्धा तास लावणे अनेकांना जमते, पण दुसऱ्या-तिसऱ्या चढावर ती उरत नाही, आणि मग फेऱ्या ४५ वर येतात, गुडघे दुखू लागतात, मागचे चाक सैल खडीवर घसरू लागते.

पुढे ३० आणि मागे ४२ अशी जोडी असली तर गुणोत्तर ०.७१ होते आणि त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी पावणेसहा किलोमीटर पडतो. लागणारी शक्ती १६० वॉटच्या आसपास येते. हा फरक कागदावर लहान दिसतो, प्रत्यक्षात तो चढ चालवत पार करणे आणि ढकलत पार करणे यांच्यातला आहे. सामान घेऊन डोंगरात जाणाऱ्याने सर्वात हलका गिअर ०.८ च्या खाली ठेवावा अशी आमची शिफारस आहे. उतारावर वरचे गिअर कमी पडतील ही काळजी करू नये, कारण ताशी ४० च्या पुढे पेडल मारण्याची वेळ कच्च्या रस्त्यावर येत नाही.

टायर किती रुंद असावेत आणि त्यात हवा किती भरावी?

डोंगरासाठी ४० मिलिमीटर ही किमान रुंदी मानावी आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ४५ किंवा ५० घ्यावी. काही फ्रेममध्ये ७०० मापाच्या चाकावर रुंद टायर बसत नाही, पण थोड्या लहान ६५०बी चाकावर बसतो. अशा वेळी लहान चाक आणि रुंद टायर हा सौदा दगडाळ प्रदेशात फायद्याचा असतो. टायरच्या बाजूच्या भिंती मजबूत असाव्यात, कारण धारदार दगड टायरचा तळ क्वचितच फाडतात, ते बाजू फाडतात.

सत्तर-पंचाहत्तर किलोच्या स्वाराने ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) सुरुवात करावी, आणि तिथून एकेक पीएसआय कमी-जास्त करत आपला आकडा शोधावा. रिम दगडावर आपटल्याचा आवाज येऊ लागला तर हवा कमी आहे. हातांना बारीक खडखड सतत जाणवत असेल आणि चढावर मागचे चाक उसळत असेल, तर ती जास्त आहे.

डोंगरात याला एक बारकावा आहे, जो फारसा सांगितला जात नाही. टायरमधला दाब आपण बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. समुद्रसपाटीच्या पातळीवर बाहेरचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो आणि ३,००० मीटरवर तो साधारण १०.२ उरतो, म्हणजे खाली भरलेला टायर वर गेल्यावर साडेचार पीएसआयने कडक झालेला असतो. त्याच वेळी वर थंडी असते. तापमान २० अंशांनी उतरले तर आतल्या हवेचा दाब तीनेक पीएसआयने घटतो. दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे छेदतात आणि फरक एक-दीड पीएसआयचा राहतो. मात्र वर कडक ऊन असेल तर ही भरपाई होत नाही आणि टायर खरोखरच कडक लागतो. अशा वेळी खिंडीत हवा सोडली असेल, तर दरीत उतरल्यावर ती पुन्हा भरायची आठवण ठेवावी, नाहीतर पुढच्या दगडावर रिमला पोचा पडतो.

ट्यूबलेस करणे आवश्यक आहे का?

होय. काट्यांची आणि बारीक काचांची छिद्रे सीलंट, म्हणजे टायरच्या आत ओतलेला चिकट द्रव, आपोआप बुजवते आणि कमी हवेवर ट्यूब दगड-रिमच्या चिमट्यात सापडून फाटण्याचा प्रश्नच उरत नाही. सीलंट काही महिन्यांत वाळते, म्हणून मोठ्या फेरीआधी टायर उघडून ते ओले आहे का हे पाहावे. सोबत दोन ट्यूब तरीही न्याव्यात.

कच्च्या उतारावर सायकल कशी उतरवावी?

हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवावेत. वरून ब्रेक दाबताना बोटांना तरफेचा पूर्ण फायदा मिळत नाही आणि एखाद्या धक्क्याने हात निसटू शकतो. खालून मात्र दोन बोटांत ब्रेक पूर्ण ताब्यात राहतो. सीटवरून किंचित उठावे, पेडल आडवे ठेवावेत, कोपर आणि गुडघे सैल ठेवावेत आणि वजन पायांवर घ्यावे. सायकल खाली हलत राहील, शरीर वर शांत राहिले पाहिजे.

एक अवघड वळण जवळून पाहू. खडीच्या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी दोन घट्ट पट्टे तयार केलेले असतात आणि मध्ये व कडेला सैल खडी साचलेली असते. वळणावर ही खडी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते, म्हणून तिथला बाहेरचा अर्धा भाग सर्वात घसरडा असतो. वळण सुरू होण्याआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक लावून वेग उतरवावा; घट्ट पट्ट्यावर चाक आणावे; बाहेरचा पेडल खाली घेऊन त्यावर वजन द्यावे; आणि वळणात पुढचा ब्रेक सोडून द्यावा. नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी. वळणाच्या मध्यावर वेग जास्त वाटला तर मागचा ब्रेक हलका दाबता येतो, पुढचा मात्र दाबू नये, कारण सैल खडीवर तिरके झालेले पुढचे चाक घसरले की ते परत सापडत नाही.

कोरड्या प्रदेशात रस्त्यावर आडव्या लाटांसारख्या सरी पडलेल्या दिसतात. वाहनांच्या चाकांनीच त्या तयार होतात. त्यांच्या मधोमध जाण्यापेक्षा रस्त्याची अगदी कड धरली तर बहुतेक वेळा थोडी सपाट जागा सापडते.

लांब उतारावर ब्रेक तापतात, त्याला काय करावे?

आकडा पाहिला की प्रश्नाचे गांभीर्य कळते. ९० किलोचे एकूण वजन ६०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ५३० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेत दीड लिटर पाणी उकळीला येईल. वेगवान डांबरी उतारावर यातला बराच भाग हवेचा विरोध खाऊन टाकतो, पण तीव्र आणि खडबडीत कच्च्या उतारावर वेग कमी असल्यामुळे जवळजवळ सगळी उष्णता दोन पातळ डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये जाते.

म्हणून ब्रेक सतत घासत ठेवू नये. जिथे सरळ आणि दिसणारा रस्ता आहे तिथे सायकल मोकळी सोडावी, मग दोन्ही ब्रेक आलटून-पालटून नव्हे तर एकत्र आणि ठामपणे दाबून वेग उतरवावा, आणि पुन्हा सोडावी. मधल्या मोकळ्या सेकंदांत डिस्क थंड होते. ब्रेकची दांडी हँडलच्या जवळ येऊ लागली, जळका वास आला किंवा ब्रेक ओरडू लागला तर थांबावे आणि दहा मिनिटे तसेच थंड होऊ द्यावे. डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. हातही लावू नये, भाजतो.

पॅड दोन प्रकारचे मिळतात. रेझिनचे पॅड शांत असतात पण उष्णतेत आणि चिखलात लवकर झिजतात, धातुमिश्रित पॅड आवाज करतात पण टिकतात. ओल्या डोंगरात चिखलाचे पाणी एका दिवसात नवे पॅड संपवू शकते, त्यामुळे एक जादा जोडी खिशात असणे ही चैन नाही. डिस्क रेझिनपुरतीच आहे असे तिच्यावर लिहिलेले असेल, तर तिच्यावर धातुमिश्रित पॅड लावू नयेत. तसेच हायड्रॉलिक ब्रेकमध्ये कुठे खनिज तेल असते तर कुठे डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतल्या सीलची नासाडी होते.

उंचीचा त्रास केव्हा सुरू होतो?

साधारण २,५०० मीटरच्या वर कोणालाही होऊ शकतो, आणि तंदुरुस्ती त्यापासून वाचवत नाही. किंबहुना तगडा स्वार एका दिवसात जास्त वर पोहोचतो, म्हणून त्याला धोका अधिक असतो. हवेचा दाब ३,००० मीटरवर समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. स्पिती खोऱ्याकडे नेणारी कुंझुम खिंड सुमारे ४,५५० मीटरवर आहे. तिथे तो ५७-५८ टक्के उरतो आणि खाली सहज जमणारा चढ तिथे बऱ्याच कमी शक्तीने चढावा लागतो.

गिर्यारोहणातला नियम सायकललाही लागू आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्त काढावी. दिवसा वरची खिंड ओलांडून खाली येऊन झोपणे चालते. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही पहिली लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर जाऊ नये. विश्रांती घेतानाही दम लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यावर पहिला उपाय एकच: ताबडतोब, रात्र असली तरी, सोबत घेऊन खाली उतरणे.

कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी निघावे?

उंच खिंडींवर बर्फ वितळून रस्ता कोरडा होईपर्यंत थांबावे. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ काही आठवडे जास्त टिकतो, म्हणून दक्षिणेकडून स्वच्छ दिसणारी खिंड पलीकडे उतरताना बर्फाने अडलेली असू शकते. बर्फ गेल्यानंतरचे पहिले दिवसही फसवे असतात, कारण आतून भिजलेली माती चाकाखाली दबते, सायकल जड होते आणि रस्त्यावर पडलेले खोल चर पुढे वर्षभर राहतात.

उन्हाळ्यात डोंगरावर दुपारनंतर ढग जमून वीज पडण्याचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे मोठी खिंड दुपारच्या आत ओलांडावी. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर कडा आणि उघडा माळ सोडून खाली जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. चढताना घामाने भिजलेले कपडे आणि उतरतानाचा वारा एकत्र आले की उन्हाळ्यातही बोटे ब्रेक दाबण्याजोगी राहत नाहीत. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारारोधक जाकीट माथ्यावर पोहोचताच, थंडी वाजायच्या आधी, अंगावर घालावे.

वाटेत ओढा आडवा आला तर?

हिमनद्यांतून निघणारे ओढे पहाटे सर्वात कमी आणि दुपारनंतर सर्वात जास्त वाहतात, म्हणून असे ओढे सकाळी गाठावेत. गुडघ्याच्या वर पाणी असेल आणि प्रवाह वेगवान असेल तर ओलांडू नये. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरावी, म्हणजे ती पाण्याच्या जोराने पायांवर येत नाही. पलीकडे गेल्यावर दोन्ही ब्रेक काही वेळा दाबून वाळवावेत.

पिण्याच्या पाण्याची सोय कशी करावी?

वरच्या कुरणांत गुरे असतात, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या झऱ्यातही जंतू असू शकतात. गाळणी सोबत ठेवावी, आणि ती रात्री गोठू देऊ नये, कारण गोठलेल्या गाळणीच्या आतल्या नळ्या फुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पाणी उकळायचे असेल तर एक मिनिट खदखदू द्यावे. २,००० मीटरच्या वर उकळबिंदू खाली आलेला असतो, म्हणून तिथे तीन मिनिटे.

दुरुस्तीचे कोणते सामान अपरिहार्य आहे?

टायरमधल्या मोठ्या छिद्रासाठी रबरी प्लग, फाटलेल्या बाजूला आतून लावायला जाड तुकडा, पंप, साखळीचा जोड आणि साखळी तोडण्याचे हत्यार, आणि मागच्या डिरेल्युरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा. हा शेवटचा लहानसा धातूचा तुकडा मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे सायकल पडली तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या स्वाराकडचा उपयोगी पडत नाही आणि डोंगरातल्या गावात तो मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. सामानाच्या पिशव्यांचे पट्टे पहिल्या कच्च्या उतारानंतर पुन्हा आवळावेत.

जगातले कोणते डोंगरी मार्ग अभ्यासण्याजोगे आहेत?

इटलीतली कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ही खिंड सुरुवातीलाच घ्यावी. सूसा गावाच्या बाजूने तो चढ साडेअठरा किलोमीटरचा आहे, सरासरी नऊ टक्क्यांहून थोडा जास्त, आणि शेवटचे जवळपास आठ किलोमीटर कच्चे आहेत. माथा २,१७८ मीटरवर आहे. जिरो द'इतालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत तिथे पहिल्यांदा २००५ मध्ये गेली, आणि २०१८ मध्ये ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूमने याच कच्च्या चढावरून ऐंशी किलोमीटरचा एकट्याचा पल्ला सुरू करून शर्यत फिरवली. तिथूनच जवळ आसिएत्ताचा लष्करी रस्ता सुरू होतो, जो २,००० मीटरच्या वरून डोंगराच्या धारेने सेस्त्रिएरेपर्यंत जातो. ग्रॅव्हल सायकलसाठी डोंगरी रस्ता कसा असावा हे कोणी विचारले तर आम्ही आसिएत्ताचे नाव सांगतो. त्याच देशात गार्दा सरोवराच्या वरची त्रेमाल्झोची पहिल्या महायुद्धातली वाट तितकीच देखणी आहे, पण तिचे दगड मोठे आणि सैल आहेत, आणि नवख्याने तिथे माउंटन बाइकच न्यावी.

अमेरिकेतला ग्रेट डिव्हाइड हा मार्ग ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने १९९० च्या दशकात आखला. कॅनडातून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत रॉकी पर्वतांच्या कण्याला धरून तो चार हजारांहून अधिक किलोमीटर जातो आणि मुख्य जलविभाजक रेषा वारंवार ओलांडतो. त्यातला बहुतेक भाग कच्च्या वनरस्त्यांचा आहे. किर्गिझस्तानात २०१८ पासून होणाऱ्या सिल्क रोड माउंटन रेसचे मार्गही अभ्यासावेत, विशेषतः ते ओढे, उंची आणि वस्तीतली अंतरे यांची सांगड कशी घालतात यासाठी. तिथला भूभाग मात्र ग्रॅव्हल सायकलच्या मर्यादेवरचा आहे.

पायी चालणारे, गुरे आणि कुत्री यांच्याशी कसे वागावे?

पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना नेहमी आधी वाट द्यावी, आणि अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे. मागून येताना वेग कमी करून आवाज द्यावा. कुंपणाचे फाटक जसे सापडले तसे ठेवावे: बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे, कारण ते गुरांच्या पाण्यासाठी मुद्दाम उघडे ठेवलेले असू शकते.

कळपाचे राखणदार कुत्रे धावत आले तर सायकल पळवू नये. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करण्याची त्यांची प्रवृत्ती असते. उतरावे, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी, शांत आवाजात बोलावे, डोळ्याला डोळा भिडवू नये आणि कळपाला मोठा वळसा घालून चालत जावे. थोड्या अंतरावर कुत्रा स्वतःच थांबतो.

ई-ग्रॅव्हल सायकल या मार्गांवर चालते का?

बॅटरी आणि मोटरची ही सायकल तांत्रिकदृष्ट्या उत्तम चालते. मात्र वनरस्त्यांवर तिला परवानगी आहे की नाही हे ठिकाणानुसार बदलते, म्हणून त्या भागाचा नियम आधी पाहावा. बॅटरीचा हिशेब अंतरावर न करता चढाईवर करावा, आणि बॅटरी संपल्यावर ती सायकल पायांनी चढवावी लागली तर शेवटचा चढ झेपेल का, याचे उत्तर निघण्याआधी द्यावे.

मोबाइलला नेटवर्क नसताना अपघात झाला तर काय करावे?

डोंगरात बहुतेक वेळ नेटवर्क नसते असे धरूनच निघावे. मार्गाची फाईल, परतण्याची अपेक्षित वेळ आणि त्या वेळेनंतर किती तासांनी कोणाला कळवायचे, हे घरच्या किंवा मुक्कामाच्या माणसाला लिहून द्यावे. उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र घेता आले तर जरूर घ्यावे, आणि त्याची वर्गणी चालू आहे का हे निघण्याच्या आदल्या दिवशी एक संदेश पाठवून तपासावे. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवलेला असावा, आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते म्हणून फोन अंगालगतच्या खिशात ठेवावा.

अपघात झाल्यावर जखमी माणसाला आधी जमिनीच्या थंडीपासून वेगळे करावे. खाली पिशव्या, जाकिटे, काही नसेल तर गवत पसरावे. मग जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहावेत, कारण मदतीला जाणारा माणूस ते धावपळीत विसरतो. यंत्र नसेल आणि दूरवर माणसे किंवा निवारा दिसत असेल, तर आल्प्समध्ये रूढ असलेली संकटखूण द्यावी: एका मिनिटात समान अंतराने सहा वेळा शिट्टी, दिवा किंवा हाक, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. मिनिटाला तीन वेळा उत्तर आले म्हणजे खूण पोहोचली आहे. त्यानंतरही शोधणारे प्रत्यक्ष जागेवर येईपर्यंत खूण देत राहावे, कारण दऱ्यांमध्ये आवाज परावर्तित होतो आणि दिशा चुकते.